घरकुल एकदाच मिळतं: चारठाण्याच्या लाभार्थ्यांनी आणि गवंड्यांनी समजून घ्यावीत अशी पाच घरं

चारठाणा (ता. जिंतूर): घरकुलाच्या यादीत नाव आलं, पहिला हप्ता खात्यात पडला की घरात एकच घाई सुरू होते. जुनी भिंत पाडायची, गवंडी बघायचा, वाळू-विटांचा भाव काढायचा, पावसाच्या आत जोतं वर घ्यायचं. या धांदलीत एक प्रश्न राहूनच जातो. ते म्हणजे, हे घर मे महिन्यात दुपारी दोन वाजता आतून कसं असेल?

उत्तर मिळतं ते पहिल्या उन्हाळ्यात. एप्रिल-मे मध्ये परभणी जिल्ह्याचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याचं घर दुपारी भट्टी होतं. स्लॅबचं घर दुपारी बरं वाटतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहानंतर आतल्या माणसांवर ऊब सोडत बसतो. मग खाटा अंगणात येतात. म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं यांचे हाल वेगळेच. पण घर उभं राहिलेलं असतं, हप्ते संपलेले असतात आणि दुसरं घरकुल मिळत नसतं.

गार राहणारं आणि खर्च न वाढवणारं घर बांधता येतं का? येतं. त्यासाठी नवीन शोध लावायची गरज नाही. आपल्यासारख्याच उन्हात, आपल्यासारख्याच पैशांत लोकांनी घरं बांधली आहेत. काही कामी आली, काही चुकली. ज्या घराने चूक केली तेही शिकवतं. वास्तुशास्त्राच्या कॉलेजांत हल्ली असंच शिकवतात. आधी बांधलेलं घर घ्यायचं, त्यात काय साधलं आणि काय फसलं ते बघायचं, मग आपला नकाशा काढायचा. हीच पद्धत गावातल्या गवंड्याला आणि घरमालकालाही लागू पडते.

आधी हिशोब: हातात आहे किती?

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, स्वयंपाकाच्या जागेसह घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास. साधारण १५ फूट बाय १८ फूट. शौचालयासाठी स्वच्छ भारतचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी, असा योजनेचा मूळ आराखडा. २०२५ मध्ये राज्य सरकारने दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आली.

ही रक्कम पुरत नाही, हे गावात कुणालाही विचारलं तरी कळेल. बहुतेक घरांत वरचे पैसे सोनं मोडून, उसनवारी करून किंवा बचत गटाच्या कर्जातून येतात. म्हणूनच पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे ठरवणं महत्त्वाचं. खालची पाच घरं त्यासाठीच.

पहिलं घर: सेवाग्रामची कुटी. फुकटातला गारवा

वर्धा आणि परभणी यांचा उन्हाळा सारखाच. तिथे सेवाग्राममध्ये १९३६ साली गांधीजींसाठी आदिनिवास बांधला गेला. अट अशी होती की खर्च ५०० रुपयांच्या पुढे जाऊ नये आणि सामान आसपासचंच असावं. शेजारची बापूकुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधलेली. मातीच्या भिंती, बांबू-लाकडाचा सांगाडा, कौलांचं उतरतं छप्पर आणि चहूबाजूंनी खाली उतरलेली ओसरी.

या घरातून शिकायचं ते मातीचा मोह नव्हे. आज १.२० लाखात कौलारू कुटी बांधा असं कुणी म्हणत नाही. शिकायचं ते असं की ऊन भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. ओसरी असली की भिंत सावलीत राहते, भिंत सावलीत राहिली की आतली खोली तापत नाही. मराठवाड्याच्या जुन्या वाड्यांतली ढेळज आणि ओसरी हेच काम करत होती. पाहुणा बसायला जागा, म्हातारीला दुपारी टेकायला जागा आणि घराला सावली, तिन्ही कामं एकाच जागेत.

घरकुलात ओसरी बसत नाही, असं म्हटलं जातं. २७० फुटांत खरंच जागा कमी पडते. पण दाराच्या बाजूला पाच-सहा फुटांची पडवी नंतरही काढता येते. त्यासाठी बांधतानाच भिंतीत तुळईसाठी खाचा किंवा लोखंडी पट्ट्या सोडून ठेवाव्या लागतात. तेवढं केलं तर पुढच्या वर्षी हात मोकळा झाल्यावर भिंत न फोडता पडवी होते.

दुसरं घर: किल्लारीचं माळवद. गार होतं, पण जीवावर आलं

मराठवाड्यात जुन्या माणसांकडे घराचा विषय काढला की माळवदाची आठवण निघतेच. दीड-दोन फुटांच्या दगडी भिंती, लाकडी खांब-तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. छतात उजेडाला आणि धूर जायला सवणं. बाहेर आग ओकत असली तरी आत गार. कारण साधं होतं. माती आणि दगड तापायला फार वेळ लागतो. ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोपर्यंत बाहेर वारा सुटतो.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हीच घरं माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार लोक गेले. गणपती विसर्जन आटोपून गाव झोपलेलं होतं.

अभियंत्यांनी नंतर तपासलं तेव्हा दोष माळवदाच्या गारव्यात नव्हता, बांधणीत होता. भिंत दोन पदरी असायची, बाहेर एक दगडी पदर, आत एक, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा आडवा जोडदगड नव्हता. हादरा बसला की पदर सुटे होऊन बाहेर फुगले आणि ढासळले. वर दरवर्षी गळती थांबवायला माती टाकून टाकून थर फूट-दोन फुटांचा झालेला, त्याचं वजन टनावारी. कित्येक ठिकाणी लाकडाचा सांगाडा उभाच राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी घरं भूकंपाला टिकणारी होती. पण अभ्यासकांनी नंतर जे नोंदवलं तेही महत्त्वाचं आहे. सरळ रेषेतले रस्ते, लांब लांब प्लॉट, झाडाविना उघडी वस्ती, काँक्रीटची तापणारी खोली, शेजार तुटलेला. लोकांनी मग स्वतःच पुढे शेड काढलं, चूल बाहेर नेली, अंगण कुंपणात घेतलं. ज्या गोष्टी नकाशात नव्हत्या त्या माणसांनी हाताने परत आणल्या.

किल्लारीचे धडे दोन. एक, नुसतं गार घर पुरत नाही, ते उभं राहायला हवं. दुसरा, नुसतं मजबूत घरही पुरत नाही, त्यात राहता यायला हवं.

चारठाण्याला पहिला धडा लांबचा वाटायला नको. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के परभणी, नांदेड, हिंगोलीत जाणवले. तेव्हा नांदेड जिल्हा प्रशासनाने एक साधं आवाहन केलं होतं. पत्रे उडू नयेत म्हणून छतावर ठेवलेले दगड काढून घ्या. पत्र्यावरचा दगड हा झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरचा दगड असतो. पत्रा हुक-बोल्टने कैचीला किंवा पाइपाला आवळला तर दगडाची गरजच राहत नाही.

नव्या घराला यातून घ्यायचं ते इतकंच. जोत्याच्या पातळीला एक, दारा-खिडक्यांच्या वर लेंटलच्या पातळीला एक, असा सलग काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून फिरवायचा. लेंटल फक्त दारापुरता टाकून तोडायचा नाही. घराला कंबरपट्टा बांधल्यासारखं ते काम आहे. सळई आणि सिमेंट थोडं वाढतं, पण वाचवायची जागा ही नव्हे. दगडी भिंत असेल तर दर काही फुटांवर आरपार जोडदगड आणि कोपऱ्यात लांब दगड हवेतच.

तिसरं घर: लॉरी बेकर यांची भिंत. तेवढ्याच जाडीत कमी विटा

इंग्लंडचे वास्तुविशारद लॉरी बेकर १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आले आणि इथलेच झाले. केरळात तिरुवनंतपुरमला राहून त्यांनी गरिबांपासून संस्थांपर्यंत असंख्य घरं बांधली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गवंड्यांत बसून, हातात वीट घेऊन शिकवणारा माणूस अशी त्यांची ओळख होती.

त्यांनी भारतात रुजवलेली एक रीत म्हणजे रॅट ट्रॅप बाँड. नेहमी वीट आडवी झोपवून भिंत बांधतात. या रीतीत वीट कडेवर उभी ठेवतात. दोन विटा समोरासमोर, मध्ये पोकळी, मग एक वीट आडवी बांधायला. भिंत नऊ इंचच राहते, पण आत हवेचे कप्पे तयार होतात. फायदा दुहेरी आहे. जिथे १०० विटा लागल्या असत्या तिथे सुमारे ७५ लागतात आणि मसालाही वाचतो. शिवाय आतली कोंडलेली हवा ऊन आत यायला अडवते. थर्मासची कल्पना तीच.

दुसरी रीत फिलर स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फक्त सळया धरून ठेवायचं काम करतं, ताकदीला त्याचा फारसा उपयोग नसतो. तिथे सळयांच्या चौकटीत जुनी कौलं किंवा हलकी वस्तू ठेवली तर काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो आणि कौलातली हवा ऊन अडवते.

मात्र इथे सावध राहायला हवं. रॅट ट्रॅपला विटा सारख्या मापाच्या आणि पक्क्या भाजलेल्या लागतात. वेड्यावाकड्या, कच्च्या भट्टीच्या विटांत ही भिंत जमत नाही. जोत्याच्या खाली ती वापरत नाहीत. कोपऱ्यांत आणि दाराशेजारी पोकळीत उभी सळई टाकून काँक्रीट भरावं लागतं. फिलर स्लॅबची सळई तर अभियंत्याने काढून दिल्याशिवाय टाकूच नये. गवंड्याने आधी एखादी कंपाउंडची भिंत बांधून हात बसवावा, मग घराला हात घालावा. बेकर यांची घरं स्वस्त झाली ती गवंड्याला रीत नीट समजली म्हणून. नुसता फोटो बघून ती जमत नाही.

चौथं घर: अहमदाबादचं पांढरं छत. एका दिवसाचं काम

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा तेराशेवर जास्त मृत्यू झाले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे झोपडपट्ट्यांतल्या छतांना पांढरा रंग देण्याची मोहीम त्याला जोडली. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये राज्याचं कूल रूफ धोरणच जाहीर केलं.

विज्ञान शाळेतलंच आहे. काळं कापड उन्हात तापतं, पांढरं कमी तापतं. छोट्या बैठ्या घरात ऊन सगळ्यात जास्त छतातूनच आत येतं. पांढरं छत ते बऱ्याच अंशी परत फेकतं. आतल्या तापमानात दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो, असं या मोहिमांत सांगितलं जातं. ४३ अंशांच्या दिवशी तीन अंश म्हणजे बाळ झोपणं आणि न झोपणं इतका फरक.

स्लॅबवर हे काम फार सोपं आहे. मार्चच्या आधी छत झाडून धुवायचं, भेगा भरून घ्यायच्या, विरघळवलेला चुना गाळून त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा फेविकॉलसारखं काही मिसळायचं आणि ब्रशने दोन-तीन हात मारायचे. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. घरच्या माणसांनी एका दिवसात होतं. चुना कालवताना डोळे आणि हात जपायचे, लेकरं लांब ठेवायची.

पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे बाहेरचा पांढरा पेंट लागतो. त्यापेक्षा मोठा फरक पडतो तो पत्र्याखाली दुसरं छत केल्याने. पत्र्यापासून फूटभर खाली बांबूचा तट्टा किंवा हलके बोर्ड लावायचे आणि मधल्या पोकळीतली गरम हवा दोन्ही टोकांच्या झरोक्यांतून बाहेर जाऊ द्यायची. झरोके बंद केले तर तीच पोकळी तापते. चुलीच्या वर मात्र तट्टा लावू नये, आगीची भीती असते.

पाचवं घर: वर्धा आणि बंगळूरूची माती. आपल्या मातीला विचारून

सत्तरच्या दशकात दोन ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेला. सिमेंट-लोखंड कमी वापरून, गावातल्याच मातीत आणि गावातल्याच हातांनी पक्कं घर होईल का? बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये 'अस्त्र' नावाचा विभाग सुरू झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी माती चाळून, त्यात थोडं सिमेंट मिसळून, हातयंत्रात दाबून न भाजता वीट तयार करायची रीत पक्की केली. पुढे पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये तिचा मोठा विस्तार झाला. सिमेंट साधारण पाच टक्के, भट्टी नाही, लाकूड-कोळसा नाही.

इकडे वर्ध्यात देवेंद्रकुमार यांच्या पुढाकाराने ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरच्या पेल्यासारख्या कौलांचं छत पुढे आणलं. एक पेला दुसऱ्यात बसवत कमान करायची आणि कमानींचं छत वरून मसाल्याने बंद करायचं. लाकूड नाही, सळई जवळजवळ नाही आणि कौलांत हवा असल्याने आत गारवा. कुंभाराला काम मिळतं, हा तिसरा फायदा. कमान भिंतींना बाहेर ढकलते, म्हणून भिंतींना आडवा बांध हवा, हे मात्र विसरून चालत नाही.

चारठाण्यात ही वीट चालेल का? इथे मातीलाच विचारावं लागतं. आपल्याकडे म्हण आहे काळी आणि पांढरी. काळी शेताची, पांढरी गावठाणाची. काळी माती पिकाला चांगली, घराला वाईट. तिच्यात चिकणमाती फार, पाऊस पडला की फुगते, उन्हात भेगाळते. तिची वीट तडकणार. मुरमाड किंवा रेताड माती असेल तर जमू शकतं.

घरच्या घरी तपासायची एक सोपी रीत आहे. सरळ बुडाची काचेची बरणी घ्यायची, तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. झाकण लावून जोरात हलवायची आणि दिवसभर ठेवून द्यायची. तळाला रेती बसते, मध्ये गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. निम्म्याहून जास्त रेती आणि दहा-वीस टक्के चिकणमाती असेल तर पुढे प्रयोगशाळेत नमुना पाठवण्यात अर्थ आहे. चिकणमातीचा थर निम्म्यावर गेला तर तो विचार तिथेच सोडावा. ज्या मातीत जमत नाही तिथे भाजलेली वीट वापरण्यात कमीपणा काही नाही.

पाचही घरं चारठाण्याच्या प्लॉटवर आणली तर

पाया. काळ्या मातीत उथळ पाया घातला की दोन पावसाळ्यांत भिंतीला तिरक्या भेगा पडतात. पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यायचा. जोत्यात काळी माती भरायची नाही, मुरूम भरून धुमसायचा. घराभोवती दोन-तीन फुटांची फरशी किंवा कोबा बाहेरच्या उताराने करायचा, म्हणजे पागोळीचं पाणी पायात मुरत नाही. न्हाणीचं पाणी भिंतीलगत सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

दिशा. याला एक रुपया लागत नाही, फक्त पाया आखण्याआधी विचार लागतो. प्लॉट परवानगी देत असेल तर घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात. तिथे समोरासमोर खिडक्या. दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. म्हणून पश्चिमेला खिडकी टाळावी आणि न्हाणी, शौचालय, जिना किंवा कणगी ठेवायची जागा तिकडे घ्यावी. ती भिंत तापली तरी झोपायची खोली वाचते.

हवा. गरम हवा वर जाते. दोन समोरासमोरच्या भिंतींत छताखाली छोटे झरोके ठेवले की ती बाहेर पडते. माळवदाचं सवणं हेच करत होतं. झरोक्याला जाळी लावली की पाखरं आणि डास येत नाहीत. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर झरोका हवाच, तो गारव्यासाठी नंतर, बाईच्या डोळ्यांसाठी आणि छातीसाठी आधी.

पाणी. चारठाण्याच्या माणसाला पाणी साठवणं शिकवायला नको. गावातल्या जुन्या मंदिरांसोबत बांधलेल्या बारवा शेकडो वर्षं तेच सांगत आहेत. आता छताकडे बघा. २५ चौरस मीटरच्या छतावर वर्षात ८०० मिलिमीटर पाऊस पडला असं धरलं तरी २० हजार लिटर पाणी येतं. सांडलवंड जाऊन १६ हजार लिटर हाती लागतं. एक पन्हाळ, एक पाइप, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायची सोय आणि टाकी किंवा शोषखड्डा. स्लॅबला उतार एका बाजूला काढला तरच हे जमतं, नाहीतर पाणी छतावरच साचतं आणि गळती सुरू होते.

झाड. पश्चिमेला कडुलिंब लावावा, पण पायापासून पंधरा-वीस फूट लांब. काळ्या मातीत झाडाची मुळं पाणी ओढतात आणि जमीन आक्रसून पाया बसतो. जागा कमी असेल तर मांडवावर दोडका किंवा वाल चढवला तरी भिंतीला सावली मिळते.

पैसा कशाला आधी? क्रम असा धरता येतो. पाया आणि पट्टे पहिले. मग छताचा दर्जा आणि पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग. मग छज्जे आणि झरोके. मग चुना. बाहेरचं प्लास्टर, चकाकणारी टाइल्स, शोभेचा कठडा हे सगळं शेवटी, पुढच्या वर्षीही चालेल. आज बहुतेक ठिकाणी क्रम उलटा दिसतो, कारण कठडा रस्त्यावरून दिसतो आणि लेंटलचा पट्टा प्लास्टरखाली जातो.

शिकवायचं कुणी आणि कसं?

केंद्राच्या योजनेतच ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे. ४५ दिवसांचं, आणि वर्गात नाही तर प्रत्यक्ष घरकुलावर. शिकणारे गवंडी एका लाभार्थ्याचं घर बांधत बांधत शिकतात आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं. ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने वेगवेगळ्या राज्यांच्या हवामानाला साजेसे घरांचे नमुने 'पहल' या नावाने पुस्तकरूपात तयार केले आहेत. लाभार्थ्याला हे नमुने दाखवून त्यातून निवड करू द्यावी, हीच त्यामागची कल्पना. पंचायत समितीत ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याकडे ते मागता येतात. मागितल्याशिवाय ते कपाटातून बाहेर येत नाहीत, एवढंच.

पण यापेक्षाही सोपा वर्ग गावात भरवता येतो. त्याला खर्च जवळपास नाही. मे महिन्यातला एक दिवस निवडायचा. तीन घरं घ्यायची, एक जुनं जाड भिंतींचं, एक पत्र्याचं, एक स्लॅबचं. तिन्ही ठिकाणी एकसारखा थर्मामीटर खोलीच्या मध्यावर, माणूस बसतो त्या उंचीला टांगायचा. सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री दहा असे तीनदा आकडे लिहायचे. शाळेची मुलं हे आनंदाने करतील. आठवड्याने त्यातल्या स्लॅबच्या घराला चुना मारायचा आणि पुन्हा मोजायचं. मग ग्रामसभेत तो कागद भिंतीवर लावायचा.

असा कागद शंभर भाषणांचं काम करतो. त्यात कुणाचं पुस्तक नाही, कुणाची जाहिरात नाही, आकडे आपल्याच घरातले. गवंडी, लाभार्थी आणि अभियंता तिघांनाही एकाच गोष्टीवर बोट ठेवून बोलता येतं. वाद होईल, तो व्हायलाच हवा. कुणी म्हणेल पत्र्याखाली तट्टा लावून बघू. तेही मोजता येईल.

पाया खोदण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. पाया मुरमापर्यंत जाणार आहे का?

२. जोत्याचा आणि लेंटलचा पट्टा चारही भिंतींवरून सलग आहे का?

३. झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला तर येत नाही ना?

४. समोरासमोर खिडक्या आणि छताखाली झरोके नकाशात आहेत का?

५. छज्जा किमान दीड फूट आहे का, आणि पुढे पडवी काढायला भिंतीत सोय सोडली आहे का?

६. छताचा उतार कुठल्या बाजूला, आणि पाणी कुठे जाणार?

७. स्लॅबवर पाणी किती दिवस मारणार? दोन आठवडे तरी रोज, कितीही टंचाई असली तरी. स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवलं तर कमी पाण्यात भागतं.

हे सात प्रश्न नवरा-बायकोने मिळून विचारावेत. योजनेत घर बहुतेक वेळा बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर होतं, पण चूल कुठे, पाणी कुठे, खिडकी कुठे हे ठरवताना तिला विचारलं जातंच असं नाही. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ त्या घरात तीच काढणार असते. गवंड्याला भिंतीची जाडी कळते, दुपारी कुठल्या कोपऱ्यात बसवत नाही हे तिलाच माहीत असतं.

हप्ते, जिओ टॅगिंग, फोटो, मुदत हे सगळं सांभाळताना घाई होते, ती समजण्यासारखी आहे. पण घराची दिशा, खिडकी, पट्टा आणि झरोका हे चार निर्णय चुन्याची फक्की मारायच्या दिवशीच होतात. त्या दिवशी अर्धा तास थांबून शेजारच्या दोन-तीन घरांत जाऊन विचारलं, की बाबा, तुमच्या घरात उन्हाळ्यात कसं होतं, तर पुढची तीस वर्षं त्या अर्ध्या तासाची आठवण राहील.